पार्किन्सन्सच्या संशोधनाला देणगी: थेट विद्यापीठाला की संस्थेमार्फत?

बाबांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला आम्ही भावंडांनी ठरवलं, जेवणावळ घालायची नाही. ते पैसे पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला द्यायचे. बाबांनी हा आजार चौदा वर्षं काढला. सुरुवात अक्षरापासून झाली. आयुष्यभर फळ्यावर टपोरं लिहिणारे मास्तर, पण सही महिन्यागणिक बारीक होत गेली आणि एक दिवस बँकेतून चेक परत आला. पुढे पुढे सिंडोपाची गोळी लागू पडली की दोन-अडीच तास बाबा आम्हाला परत मिळायचे. तिचा असर ओसरला की पाय जमिनीला चिकटायचे.

भावाने सांगलीत त्याच्या परीने केलं. मी इंग्लंडात राहतो, पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून माझा पैसा भारतातल्या संस्थेच्या लेखी परदेशी ठरतो. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी नसेल तर तिला तो घेता येत नाही. (भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा त्यात धरत नाहीत, हे इथल्या पुष्कळ मंडळींना माहीत नसतं.) माझ्यापुढे दोन वाटा होत्या: इथल्या एखाद्या विद्यापीठाला थेट देणं, किंवा विद्यापीठांतल्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या धर्मादाय संस्थेला देणं. दोन्ही करून झालं आहे. गिफ्ट एड म्हणजे करदात्याच्या देणगीत ब्रिटिश सरकार घालतं ती भर; पौंडामागचे ते २५ पेन्स दोन्हीकडे मिळू शकतात, तेव्हा त्यावरून निवड होत नाही.

आधी मी थेट विद्यापीठाला दिले. त्यामागची कारणं मला अजूनही चुकीची वाटत नाहीत. मध्ये कुणी नसतं, आणि काम जिथे चालतं ती जागा डोळ्यांनी बघता येते. खुल्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो होतो तेव्हा एका तरुण संशोधिकेने सूक्ष्मदर्शकातून चेतापेशीत साचलेला अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचा गोळा दाखवला. बाबांचं चालणं अडवणारी गोष्ट मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. घरी येऊन त्याच रात्री हजार पौंडांचा अर्ज भरला. यादीत पार्किन्सन्स नव्हतं, न्यूरॉलॉजी होतं. म्हणून खालच्या चौकटीत 'फक्त पार्किन्सन्सच्या कामासाठी, वडिलांच्या स्मरणार्थ' असं लिहिलं.

पंधरा दिवसांत आभाराचं पत्र आलं, मेंदूविकारांवरील संशोधनाला मदत केल्याबद्दल. मग एका विद्यार्थ्याचा फोन आला, दरमहा काही देता येईल का विचारायला. मुलगा फार गोड बोलला. मग नव्या इमारतीच्या छायाचित्रांचा गुळगुळीत अंक आला. पैशांचं काय झालं, हे कशातच नव्हतं. आठ महिन्यांनी मीच विचारलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, की रक्कम विभागाच्या राखीव निधीत जमा आहे आणि योग्य वेळी वापरली जाईल. पुढच्या वर्षीच्या खुल्या दिवशी तीच संशोधिका भेटली. प्रयोगांना लागणाऱ्या अँटिबॉडी महाग झाल्या, जपून वापराव्या लागतात, असं सांगत होती. पार्किन्सन्ससाठी म्हणून आलेले काही पैसे विभागात पडून आहेत, हे तिच्या कानावरच आलं नव्हतं. त्या पैशांत आणि तिच्यात एकाच इमारतीतले दोन मजले होते.

पैसे बुडाले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. सुरक्षित होते, नुसते पडून होते. दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या विभागात तुमचा अनुभव अगदी वेगळा असू शकेल. पण चौदा वर्षं एका माणसाचं एकेक काम सुटत गेलेलं पाहिलं असेल, तर पडून राहिलेला पैसा सोसत नाही. माझा निर्णय त्या दोन मजल्यांनी केला.

संस्थांपैकी पार्किन्सन्स यूके मोठी आणि जुनी, १९६९ पासूनची. तिची हेल्पलाइन आणि रुग्णांसाठीचं इतर काम बघता तिला दिलेला पैसा वाया जाणं अवघड आहे. मात्र तो संशोधनातच जावा असं वाटत असेल तर देताना तसं स्पष्ट सांगावं. लहानशा शंकेला पैसे देण्याची दानत या संस्थेत आहे. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या जॉय मिल्न यांना नवऱ्याच्या अंगाला येणारा वेगळा वास निदानाच्या कितीतरी वर्षं आधी जाणवला होता. २०१२ मध्ये एडिंबरात एका व्याख्यानानंतर त्यांनी पार्किन्सन्सचे संशोधक टिलो कुनाथ यांना त्याबद्दल विचारलं. पुढे रुग्णांनी आणि निरोगी माणसांनी घातलेले टी-शर्ट देऊन चाचणी घेतली तेव्हा बारापैकी अकरा त्यांनी वासावरून बरोबर ओळखले. बारावा निरोगी माणसाचा होता, त्याला त्यांनी पार्किन्सन्स सांगितला, आणि काही महिन्यांत त्या माणसाला खरोखरच निदान झालं. एडिंबरा आणि मँचेस्टर विद्यापीठांतल्या या कामाला संस्थेने पैसा दिला. ऑक्सफर्डचं पार्किन्सन्स केंद्र २०१० मध्ये उभं राहिलं तेव्हा मॉन्युमेंट ट्रस्टसारख्या बड्या दात्याचा पैसाही याच संस्थेमार्फत गेला. मोठ्यांनाही मधला दुवा उपयोगी वाटतो, त्यात काहीतरी अर्थ असावा.

माझं मन मात्र हळूहळू क्युअर पार्किन्सन्सकडे झुकलं. २००५ साली हा आजार असलेल्या चौघांनी ती सुरू केली. त्यांतल्या टॉम आयझॅक्स यांनी त्याआधी ब्रिटनचा किनारा पायी फिरून, तब्बल ४,५०० मैल चालून, पैसा उभा केला होता. पाय अडणं म्हणजे काय हे घरात पाहिलेल्याला त्या मैलांचं मोल वेगळं सांगायला नको. संस्था लहान आहे आणि एकाच प्रश्नाला धरून आहे: आजाराचा वेग कमी करता येईल का? त्यासाठी ती दुसऱ्या आजारांवरची जुनी औषधं तपासायला विद्यापीठांना मदत करते.

एक्झेनाटाइड हे त्यांतलं एक, मधुमेहाचं इंजेक्शन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये टॉम फोल्टिनी यांच्या आधीच्या एका छोट्या चाचणीत, २०१७ साली, आशा दिसली होती. मग १९४ रुग्णांवर ९६ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. मुख्य पैसा सरकारी आरोग्य-संशोधन निधीचा, त्याला या संस्थेची जोड. फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल आला: फायदा नाही. संस्थेच्या पत्रात ते आडपडदा न ठेवता लिहिलं होतं, आणि पुढे काय हेही. मी ते पत्र भावाला फोनवर वाचून दाखवलं. वाईट वाटलं, पण माझा पैसा एका खऱ्या प्रश्नापर्यंत पोचला आणि त्याचं उत्तर माझ्यापर्यंत आलं. विद्यापीठाकडून मला 'नाही' एवढंसुद्धा कळलं नव्हतं.

एक मुद्दा कमी बोलला जातो. धर्मादाय संस्थेचं संशोधन-अनुदान बहुतेक करून थेट कामावर खर्च होतं: संशोधकाचा पगार, रसायनं, चाचणीचा खर्च. इमारत आणि विजेचा भार विद्यापीठ उचलतं, आणि अनुदान खुल्या स्पर्धेतून, इतर शास्त्रज्ञांच्या परीक्षणानंतर मिळालेलं असेल तर इंग्लंडमध्ये त्या भारासाठी विद्यापीठाला सरकारी निधीचा आधार मिळतो. तुमच्या-माझ्या थेट देणगीला ही जोड नसते. शिवाय ते परीक्षण आपल्याला स्वतः करता येत नाही. सूक्ष्मदर्शकातला गोळा बघून मी हेलावलो, पण प्रयोग चांगला की वाईट हे मला कुठे कळत होतं?

तरी थेट देण्याला माझा सरसकट विरोध नाही. लाखभर पौंडांच्या घरातली रक्कम देऊन एखाद्या पीएच.डी. विद्यार्थ्याचा पूर्ण खर्च उचलणार असाल, किंवा प्रयोगशाळेचा प्रमुख ओळखीचा असेल आणि पैसा कोणत्या कामाला जाईल हे लेखी देत असेल, तर विद्यापीठच बरं. हजार-दोन हजार पौंड द्यायचे असतील, तर मला तरी संस्थेची वाट बरी वाटते.

मी आता दरमहा क्युअर पार्किन्सन्सला देतो आणि दोन चाचण्यांकडे डोळे लावून बसलो आहे. एकीत, १,६०० रुग्णांच्या, टेल्मिसार्टन आहे; आई रोज सकाळी ब्लडप्रेशरसाठी घेते तीच गोळी. दुसरीत ॲम्ब्रोक्सॉल, ३३० रुग्ण, प्रत्येकाला १०४ आठवडे. आपल्याकडे खोकल्याच्या कितीतरी सिरपांत हे औषध असतं. (चाचणीतला डोस त्याच्या कितीतरी पट आहे, कुणी घरी प्रयोग करू नये.) बाबांचं कपाट आवरताना त्याची अर्धी बाटली निघाली होती. भाऊ टाकून देत होता, मी ठेवून घेतली.