पाचशेची नोट: हाताने तपासावी की निळ्या दिव्याखाली?

सणाच्या गर्दीत बेळगावच्या गणपत गल्लीत गल्ल्यावर बसायचं, तर मी हातावरच भरवसा ठेवीन. ५०० ची नोट तिरकी केली की धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. कलर झेरॉक्सला ते जमत नाही. कडेच्या पाच तिरक्या रेघा नखाला खरखरीत लागतात. उजेडाकडे धरली की कोऱ्या जागेत गांधीजी आणि ५०० चा आकडा उमटतो. मळून गुळगुळीत झालेल्या नोटेला मात्र बोटं फसतात.

निळ्या, म्हणजे अतिनील (यूव्ही) दिव्याचं काम झटपट: खऱ्या नोटेचे क्रमांक चमकतात, खोट्या नोटेचा साधा कागद पांढराफेक उजळतो. पण खिशात राहून पावडरीत धुतलेली खरी नोटही तशीच उजळते, आणि मग गिऱ्हाइकाशी उगाच वाद. थप्पी मोजायची असेल तर दिवा घ्यावा, शंका आलीच तर पुन्हा धागा बघावा.