चांदी खरी, नाव खोटं: बडोद्यातल्या 'पायलटच्या पेटी'पासून सावध राहा

बडोद्यात आणि आसपास महायुद्धकाळातल्या वस्तू जमवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मला बत्तीस हजारांना फसवणारा माणूस अजून याच भागात फिरतोय.

दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्यांमार्फत तो आला. चाळिशीचा, अदबीने बोलणारा. "काका, आमचे आजोबा बडोदा स्क्वाड्रनचे पायलट, ब्रह्मदेशात होते. पेटी भंगारात द्यायला मन होत नाही. तुमच्याकडे राहिली तर जपली जाईल." पत्र्याच्या पेटीत भोकाचे पैसे, पिवळी पडलेली रेशनकार्डं, एक पितळी बिल्ला, बर्मा स्टार (दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या मोहिमेसाठी दिलेलं पदक) आणि पणजोबांचं म्हणून पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक. सोबत नोटरीचा शिक्का असलेलं प्रतिज्ञापत्र.

भोकाचे पैसे अस्सल होते. युद्धात धातू वाचवायला सरकारने १९४३ पासून तसा पैसा पाडला, आणि तो आजही स्वस्तात मिळतो. पदक सराफाने कसावर घासून पाहिलं, चांदी खरी निघाली. इथेच या माणसाचं कसब आहे. जे कुणीही तपासेल ते खरं ठेवायचं, आणि ज्या कहाणीपायी माणूस दहापट मोजतो ती रचायची.

बडोदा स्क्वाड्रन खरोखरच होती. संस्थानच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचं नाव मिळालं. १९४१ मध्ये ती उभी राहिली, स्पिटफायर विमानं उडवायची, तिच्या चिन्हावर मुंगूस होतं. पण तिचे तळ ब्रिटनमध्ये होते, ब्रह्मदेशाशी तिचा संबंध नव्हता. मग त्या आजोबांकडे बर्मा स्टार कुठून आला?

बिल्ल्यावर मुंगूस बरोबर होतं, मुकुट चुकीचा होता. सहाव्या जॉर्जच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी माथ्यावर गोल असतात. या बिल्ल्यावर त्या मध्यभागी खचलेल्या होत्या. तसा मुकुट १९५३ पासून, म्हणजे एलिझाबेथ राणीच्या काळात वापरात आला. स्क्वाड्रन तर १९४६ मध्येच संपली होती.

हे सगळं मी सहन केलं असतं. पदकाचं मात्र सहन होत नाही. १९१४-१८ च्या या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. व्यास ३६ मिलिमीटर. कॅलिपर लावला तर हे पदक कमी भरलं, आणि आडवं मोजलं तर वेगळा आकडा. कड कानशीने घासून जुनं नाव उडवलं होतं आणि त्यावर विक्रेत्याच्या 'पणजोबांचं' नाव हाताने कोरलं होतं, अक्षरं वरखाली. कोण होता तो शिपाई? मेसोपोटेमियात गेला होता की फ्रान्समध्ये? घरी परतला की नाही? त्याच्या नातवंडांना शोधायचा धागा त्या कडेवर होता. चार पैशांसाठी तो कायमचा पुसला. याला मी फसवणूक म्हणत नाही, हे पाप आहे.

प्रतिज्ञापत्राला भुलू नका. सही त्या माणसाची आहे एवढंच नोटरी सांगतो, आजोबांची गोष्ट खरी असल्याचं नाही. पैसे त्याने तिसऱ्याच कुणाच्या खात्यात यूपीआयने घेतले, मग फोन बंद. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत लेखी अर्जही दिला. बँकेकडून अजून काही कळलेलं नाही.

दरम्यान आणंदच्या एका संग्राहकाशी बोलणं झालं. त्यांनाही तशीच पेटी, तसाच बिल्ला, तेच 'आजोबा', फक्त आडनाव निराळं. म्हणजे असा माल कुठेतरी तयार होतोय. तुमच्याकडे अशी पेटी आली तर आधी पदकाच्या संपूर्ण कडेचे जवळून काढलेले फोटो मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर एक रुपयाही पाठवू नका, आणि त्याचा नंबर पोलिसांना द्या. माझ्या अर्जाला दुसऱ्या तक्रारीची जोड मिळाली तर तपास हलेल.