आधी केस रिपोर्ट की थेट ट्रायल?

कॉलेज रोडवरचं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक सांभाळून संशोधन शिकायचं, तर सुरुवात कुठून?

केस रिपोर्ट म्हणजे एका पेशंटच्या उपचारांची लेखी नोंद, त्याला एक पेशंट पुरतो. लेखी संमती घ्या, केस रिपोर्टमध्ये काय काय हवं ते सांगणारी २०१३ची केअर (CARE) चेकलिस्ट समोर ठेवा, लिहायला बसा. माझ्या पेशंटचा खांदा पहिल्या दिवशी गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) ७० अंश, सहा आठवड्यांनी १२०. मी खूश! पण फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, बऱ्याचदा आपसूकही सैल होतो. श्रेय हातांचं की काळाचं, कोण सांगणार?

रँडमाइज्ड ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या चाचणीत, तुलनेला दुसरा गट असतो, म्हणून तो प्रश्न सुटू शकतो. मात्र एथिक्स कमिटी, सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी आलीच. शिवाय मोबिलायझेशन (हातांनी सांधा हलवून सैल करणं) करणाऱ्यापासून उपचार लपवता येत नाही. किमान परिणाम मोजणारा तरी वेगळा हवा, कुणाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेला. एकट्याच्या क्लिनिकात तो आणायचा कुठून? मी केस रिपोर्टच लिहायला घेतलाय.