नृत्याचा प्रयोग: स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रेक्षकांसाठी वेगळा, की नेहमीच्यातच सोय?

वेगळ्या ‘रिलॅक्स्ड’ प्रयोगात प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज खाली आणतात, डोळ्यांवर येणारे लखलखाट वगळतात. मध्येच उठून बाहेर गेलं, हात फडफडवले, मोठ्याने बोललं, तरी कुणी वळून बघत नाही. टेकायला बाहेर एक शांत खोली असते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर टीडीएफ या संस्थेने असे प्रयोग २०११मध्ये सुरू केले. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने ज्यांनी नाट्यगृहाची पायरीच चढली नाही, त्यांच्यासाठी हाच पर्याय सरस. अडचण एकच, पण मोठी: असे प्रयोग मोजकेच, आणि त्यातले बरेचसे लहान मुलांचे. तिशीतल्या स्वमग्न रसिकाने काय करायचं?

नेहमीच्या प्रयोगात दिवे-आवाजाला फारसा हात लावता येत नाही. पण आगाऊ माहिती देता येते: अचानक मोठा आवाज कुठे होतो, अंधार किती वेळ राहतो, नर्तक प्रेक्षकांत उतरतात का. सगळं एका पानावर मावतं. दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या राखून ठेवायला खर्च नाही. द्वारपालाला मात्र आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर पहिलं ‘शूऽऽ’ त्याचंच!

दोन्ही जमलं तर उत्तमच. एकच जमणार असेल तर मी दुसरा पर्याय, म्हणजे नेहमीच्या प्रयोगातली सोय, निवडेन, कारण त्यात कुठल्या दिवशी यायचं हे प्रेक्षक ठरवतो. नृत्यवर्गालाही हेच लागू: तासाचा क्रम फळ्यावर लिहा, आणि हात धरून मुद्रा दुरुस्त करण्याआधी विचारा.