सालूतोन की नुकनेख?

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या भाचीला महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एखाद्या कृत्रिम भाषेतील अभिवादनाने निवेदन सुरू करायचे आहे आणि एस्पेरान्तो व क्लिंगॉन यांत तिचे मन अडकले आहे.

उगम पाहिला तर एस्पेरान्तो ही निरनिराळ्या देशांतल्या लोकांना आपसात बोलता यावे म्हणून रचलेली भाषा १८८७ साली तिचे कर्ते झामेनहॉफ यांनी वॉर्सात प्रसिद्ध केली. तिच्यातील 'सालूतोन' या अभिवादनातला शेवटचा 'न' हा द्वितीयेचा प्रत्यय असून, 'तुला अभिवादन करतो' या वाक्यातले क्रियापद गळून तेवढे कर्मच शिल्लक राहिले आहे. आपण नुसते 'नमस्कार' म्हणून 'करतो' गिळतो तसेच, मात्र आपल्याकडे प्रत्यय दिसत नाही. क्लिंगॉन ही परग्रहवासीयांची भाषा मार्क ओक्रँड यांनी 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा चित्रपटमालिकेसाठी रचली आणि तिचा शब्दकोश १९८५ साली आला. तिच्यात खरे तर अभिवादनच नाही. 'नुकनेख' म्हणजे 'काय पाहिजे?', सीताबर्डीच्या दुकानात पाऊल ठेवताच कानी पडते तेच, फक्त दुकानात 'या, बसा' जोडलेले असते.

उच्चाराला 'सालूतोन' सोपे आहे, कारण आघात नेहमी उपान्त्य अक्षरावर पडतो. 'नुकनेख'मधला 'क' पडजिभेपाशी उच्चारायचा आणि 'ख' घशातून घासत काढायचा, त्यामुळे आठवडाभर सराव हवाच.

वापराच्या दृष्टीने 'सालूतोन' दिवसभर चालते, शिवाय सकाळसाठी 'बोनान मातेनोन' आहे. 'नुकनेख' मात्र काम घेऊन आलेल्यालाच शोभते.

परदेशी एस्पेरान्तोभाषकांशी पुढे पत्रव्यवहार करायचा असेल त्याने 'सालूतोन' घ्यावे. सभागृहात एकदाच हशा हवा असेल तर 'नुकनेख'. भाचीला मी 'नुकनेख'च सुचवले.