लेक डिस्ट्रिक्टचे सर्च डॉग्ज: माझ्याकडून पाचपैकी पाच

इंग्लंडात राहणाऱ्या आणि डोंगरात भटकणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. लेक डिस्ट्रिक्ट माउंटन रेस्क्यू सर्च डॉग्ज, सगळे व्हॉलंटियर. डोंगरात कोणी हरवलं की यांची कुत्री शोधायला निघतात, मध्यरात्र असो की पाऊस, आणि ज्याला शोधलं त्याच्याकडून एक पेनीही घेत नाहीत, सगळं देणग्यांवर चालतं.

मी त्यांच्या ट्रेनिंगला लपायला जाते. म्हणजे खडकाआड नाहीतर ब्रॅकनमध्ये (डोंगरातलं उंच नेचं) पडून राहायचं, कुत्रं शोधत येईपर्यंत. थंडी भयंकर वाजते, पण काम कसं चालतं ते तिथूनच नीट कळतं. आपल्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत झडत असतात आणि वाऱ्याबरोबर वाहत जातात, हँडलर कुत्र्याला वाऱ्याला आडवं फिरवत नेतो, वास लागला की ते चालता चालता झटकन वळतं आणि थेट तुमच्यापर्यंत येतं, मग परत हँडलरकडे पळत जाऊन भुंकतं, त्याला घेऊन पुन्हा तुमच्याकडे, आणि हँडलर पोचेपर्यंत ही ये-जा थांबत नाही. मला तर हे बघताना दरवेळी भरून येतं.

यात हरवलेल्याचा शर्ट वगैरे हुंगायला द्यावा लागत नाही, त्या भागात जो कोणी माणूस असेल त्याचा वास ते शोधतं. (कपडा हुंगून माग काढणारी ट्रेलिंग कुत्री वेगळी.) म्हणूनच रात्री यांचा खूप उपयोग, डोंगर रिकामा असतो आणि नाकाला उजेड लागत नाही, फक्त कुत्रं कुठंय ते हँडलरला दिसावं म्हणून त्याच्या अंगावर लाइट लावतात. वारा पूर्ण पडला की मात्र अवघड जातं, तेव्हा कुत्री आली म्हणजे लगेच सापडेल असं धरून चालू नका.

मेहनत किती ते पण सांगते. कुत्रं हँडलरचं स्वतःचं, घरात वाढलेलं, बहुतेक कोली नाहीतर लॅब. तयार व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात आणि मेंढ्यांची टेस्ट तर आधीच पास करावी लागते, कारण इथे जिकडेतिकडे हर्डविक मेंढ्या, त्यांच्यामागे धावणारं कुत्रं चालत नाही. नोकरी, मुलं-बाळं सांभाळून लोक हे करतात हो! ब्रिटनमध्ये ही पद्धत स्कॉटलंडच्या ग्लेन्कोमध्ये गिर्यारोहक हॅमिश मॅकिनिस यांनी उभी केली, १९६५ साली.

अडकलात तर ९९९ लावून आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू सांगा. शिट्टी जवळ ठेवा, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा. आणि आजच ९९९ ला 'register' असा इंग्रजीत मेसेज पाठवा आणि जे उत्तर येईल त्याला 'yes' म्हणून ठेवा, म्हणजे कॉल लागत नसेल तिथून मेसेज तरी करता येईल.