ओसीटी तपासणीमुळे सापडलेली पिट्युटरीची गाठ: एका नेत्रचिकित्सालयाचा अनुभव

वर्षभर माझ्या वहिनींना दोन्ही कडांचे नीट दिसत नव्हते. पोळ्या लाटताना शेजारी ठेवलेल्या पिठाच्या डब्याला हात लागून तो दोनदा सांडला. चष्म्याचा नंबर दोन ठिकाणी बदलून झाला, पण फील्ड टेस्ट (नजर कडेपर्यंत किती पोहोचते हे मोजणारी तपासणी) कोणीच केली नाही, याची खंत अजून वाटते. अखेर पुण्यातील एका लहान नेत्रचिकित्सालयात त्यांची ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या पडद्याच्या थरांची प्रतिमा घेणारी तपासणी, झाली.

हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून आतल्या हिरव्या खुणेकडे पाहायचे, एवढीच ती तपासणी. पापणी लवल्याने उजव्या डोळ्याची पहिली प्रतिमा अंधुक आली, तेव्हा तंत्रज्ञ ताईंनी ती पुन्हा घेतली. अंधुक प्रतिमेवरून थराची जाडी चुकीची मोजली जाऊ शकते, म्हणून ही काळजी मला मोलाची वाटली.

मात्र खरे श्रेय अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांचे आहे. त्यांनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे शेजारी ठेवून दाखवले: गँग्लियन पेशींचा (ज्यांच्यापासून मेंदूकडे जाणारे दृष्टीचे तंतू निघतात) थर दोन्हीकडे नाकाच्या बाजूच्या अर्ध्या भागात पातळ होऊन लाल दिसत होता, आणि त्या लाल भागाची सीमा जवळजवळ सरळ उभी होती. काचबिंदूत ती बहुधा आडव्या रेषेला धरून असते. पडद्याच्या याच अर्ध्या भागावर कानाकडच्या बाजूचे दृश्य उमटते, आणि तिथून निघणारे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या वर एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात; ग्रंथी वाढली की खालून नेमका त्यांच्यावर दाब येतो, असे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून वहिनींना समजावले. त्याच दिवशी फील्ड टेस्ट झाली आणि पाठोपाठ एमआरआयमध्ये २२ मिलिमीटरची गाठ दिसली. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ मॅक्रोअ‍ॅडिनोमा म्हणून ओळखली जाते.

तिथल्या माहितीपत्रकात 'पिट्युटरीची तपासणी' असे छापले आहे, ते मात्र बदलायला हवे. ओसीटीत ग्रंथी दिसत नाही, तिच्या दाबाने तंतूंची झालेली झीज तेवढी दिसते. गाठ लहान असेल किंवा दाब नुकताच सुरू झाला असेल, तर अहवाल अगदी स्वच्छ येऊ शकतो, आणि तो पाहून एखादा रुग्ण निश्चिंत राहील.

दुसरी तक्रार प्रतिमांची आहे. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी कितपत परतेल याचा अंदाज आधीच्या थराच्या जाडीवरून बांधता येतो, म्हणून न्यूरोसर्जननी मूळ प्रतिमा मागितल्या. आमच्या हाती फक्त छापील कागद होता. त्या प्रतिमांसाठी वहिनींना घेऊन पुन्हा जावे लागले, तेव्हा त्या पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर देण्याची सोय चिकित्सालयाने करावी.